विडीपासून खर्ऱ्यापर्यंत: भंडाऱ्यातील निकोटिनची शंभर वर्षे

भंडारा जिल्ह्यात निकोटिनचा व्यापार तेंदूच्या पानाच्या आधाराने उभा राहिला. विडीत भरायची तंबाखू बाहेरून यायची, मुख्यतः गुजरातेतल्या चरोतरातून आणि बेळगावकडच्या निपाणीहून. जिल्ह्याजवळ तिला गुंडाळणारे पान होते, धानाची कापणी आटोपली की रिकामे होणारे हजारो हात होते आणि माल देशभर पोचवणारी रेल्वे होती. या तिन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकत्र आल्या आणि वैनगंगेच्या खोऱ्यात एका उत्तेजक द्रव्याचा धंदा रुजला. १ मे १९९९ पर्यंत गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता, त्यामुळे हा इतिहास आजच्या दोन्ही जिल्ह्यांचा सामाईक आहे.

तंबाखू भारतात पोर्तुगिजांनी आणली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला असद बेग या सरदाराने ती विजापूरहून अकबराच्या दरबारात नेली. पुढे जहांगीराने १६१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली, पण ती टिकली नाही. खेड्यापाड्यांत चिलीम आली, तंबाखू चुन्याशी चोळून खाल्ली जाऊ लागली, पानात गुंडाळून ओढली जाऊ लागली. विडीचे आजचे रूप मात्र गुजरातेत घडले. खेडा आणि पंचमहाल भागातले मजूर आपट्याच्या जातीच्या पानात तंबाखू भरून ओढत. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात तिथली अनेक कुटुंबे गाव सोडून मध्य प्रांताकडे आली. त्यांत रेल्वेच्या कामांचे ठेके घेणारे मोहनलाल पटेल आणि हरगोविंददास पटेल होते. जबलपूरच्या आसपासच्या जंगलात त्यांना तेंदूचे पान सापडले. ते मऊ, लवचीक आणि मुबलक होते, शिवाय वाळल्यावरही सहजी फाटत नव्हते. काही वर्षांतच त्यांच्या विडीला नोंदणीकृत व्यापारचिन्ह मिळाले आणि घरगुती सवय बाजारातली वस्तू झाली.

त्याच्या काही वर्षे आधी बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूर-राजनांदगावची जुनी मीटरगेज लाइन ताब्यात घेऊन ती रुंद केली. भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया ही स्थानके कलकत्ता आणि मुंबई यांच्या मधल्या मुख्य मार्गावर आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून जबलपूरला अरुंद मापाचा फाटा निघाला आणि गोंदिया जंक्शन झाले. गुजराती व्यापारी कुटुंबांनी तिथे कारखाने आणि गोदामे बांधली. तंबाखू रेल्वेने उतरायची, पाने बैलगाड्यांनी जंगलातून यायची आणि विड्यांच्या पेट्या रेल्वेने बाहेर जायच्या. विडीच्या पैशातून या भागात दुसरेही काही उभे राहिले. विडी उद्योजक मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि उच्च शिक्षण जिल्ह्याच्या दारात आले. तंबाखूने या भागाला काय दिले आणि काय हिरावले, याचा हिशेब म्हणूनच एकेरी मांडता येत नाही.

तेंदूचा हंगाम एप्रिल-मे महिन्यांतला. उन्हाळ्याआधी झुडपांची छाटणी केली की नवी, कोवळी, मोठी पाने फुटतात. बायाबापडे पहाटे जंगलात जातात, दुपारपर्यंत पाने घरी आणतात, घरातले सगळे मिळून पुडे बांधतात आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देतात. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. पुडे उन्हात वाळवून पोत्यांत भरले की पान वर्षभर टिकते. पुढे वळणाऱ्यांच्या घरी ते रात्रभर भिजते, पत्र्याच्या साच्यावर ठेवून कैचीने कापले जाते, त्यात चिमूटभर जर्दा घातला जातो, बोटांनी गुंडाळून टोक मुडपले जाते आणि दोरा बांधला जातो. मांडीवर सूप घेऊन दिवसभर बसल्यावर हजाराच्या आसपास विड्या वळून होतात. मजुरी हजारी ठरते.

तेंदूच्या पानाचा आणखी एक गुण व्यापाराच्या फार उपयोगी पडला, जरी तो हेरून कुणी पान निवडले नव्हते. सिगारेटच्या कागदासारखे हे पान सच्छिद्र नसते. विडी पेटती ठेवायची तर झुरके वारंवार आणि जोराने घ्यावे लागतात. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा बरीच कमी, साधारण पाव ग्रॅम किंवा त्याहून कमी असते, पण तिच्या प्रत्येक ग्रॅममागे निकोटिन जास्त असते. कमी पैशांत, कमी तंबाखूत, पुरेसे निकोटिन फुप्फुसात पोचवणारी ही वस्तू होती. मजुराला परवडणारे उत्तेजक याहून स्वस्त मिळणे कठीण होते.

आणि उत्तेजकाची गरज होती. रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात सकाळपासून वाकून राहायचे, तुमसरच्या पट्ट्यात मँगनीजच्या खाणीत दगड फोडायचे, जंगलात लाकडे तोडायची, आणि हे सगळे अपुऱ्या जेवणावर. निकोटिन हृदयाचे ठोके वाढवते, काही वेळ लक्ष एकाग्र करते आणि भूक मारते. थकलेल्या, उपाशी माणसाला ते काही मिनिटे उभारी देते. व्यसनाला केवळ शौक किंवा मनाचा कमकुवतपणा म्हणणाऱ्यांनी या श्रमाच्या अर्थशास्त्राकडे पाहिलेले नसते.

१९२० नंतर असहकाराच्या चळवळीत विदेशी सिगारेट टाकून देशी विडी ओढणे हे शिकलेल्या वर्गातही प्रतिष्ठेचे झाले. मागणी वाढत गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसवला. उत्पन्न मिळवून देणारा हा माल सरकारला तेव्हापासून सोडवेना.

कामगारांच्या स्थितीची पहिली मोठी सरकारी दखल १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने घेतली. १९३१ च्या त्याच्या अहवालात विडीच्या कोंदट खोल्या आणि तिथे राबणारी अगदी लहान मुले यांची नोंद आहे. त्यानंतर मध्य प्रांताने १९३७ मध्ये अनियंत्रित कारखान्यांसाठी कायदा केला. विडी, लाख आणि चामडे कमावण्याच्या जागांना त्याने प्रथमच कामाच्या तासांची मर्यादा घातली. १९४८ चा कायदा मात्र कामगाराच्या भल्यासाठी नव्हता. शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने ठरावीक गावांत विड्या वळण्यास मनाई करण्याचा अधिकार घेतला. सागर जिल्ह्यात असा हुकूम निघाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात ८ नोव्हेंबर १९५० रोजी न्यायालयाने ही मनाई घटनाबाह्य ठरवली. शेतात जाऊ न शकणारे म्हातारे आणि आजारीही तिच्यामुळे घरबसल्या मिळणारी मजुरी गमावतात, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा होता. धंद्याच्या स्वातंत्र्याबद्दलचा हा निकाल आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो.

मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपल्यावर जंगल शासनाकडे आले. मालगुजारांनी आधीच विकून ठेवलेल्या तेंदूपानांच्या ठेक्यांचे काय, यावर वर्षानुवर्षे खटले चालले. १९५९ च्या महादेव विरुद्ध मुंबई राज्य या निकालाने पारडे शासनाकडे झुकले. तोवर भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला होता. १९६९ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने तेंदूपानांचा व्यापार सरकारी नियंत्रणाखाली आणला. तंबाखूवर कर आणि पानावर लिलाव, असे दुहेरी उत्पन्न यातून राज्यव्यवस्थेला मिळत राहिले.

१९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा हा या इतिहासातला मोठा टप्पा. मालक, सट्टेदार म्हणजे मधला ठेकेदार, आणि घरी वळणारी बाई ही साखळी त्याने कायद्याच्या नजरेत आणली. घरखेप कामगारालाही कामगार मानले, परवाना सक्तीचा केला, चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात बंदी केली, आणि विड्या निकृष्ट म्हणून छाटीत काढून मजुरी बुडवण्याला आळा घालण्याची तरतूद केली. मालकांनी त्याला आव्हान दिले, पण १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला. १९७६ मध्ये विडी कामगारांसाठी कल्याण निधी आला आणि त्यातून दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरकुले मिळू लागली. तरीही कारखान्याची जबाबदारी टाळायची तर काम घराघरांत पांगवणे मालकाला सोयीचे होते, आणि तसेच होत गेले. तंबाखूची धूळ स्वयंपाकघरात, पाळण्याजवळ पोचली.

त्या धुळीतून निकोटिन अंगात शिरत होते. निपाणी भागातल्या विडी कामगार स्त्रियांवर मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत, तंबाखूशी काम करणाऱ्यांच्या लघवीत निकोटिनपासून बनणारे कोटिनिन वाढलेले आढळले. जी बाई कधी विडी ओढत नाही, तिच्याही शरीरात कातडीतून आणि श्वासातून हे द्रव्य जाते. मजुरी हजारी असल्यामुळे हात थांबवता येत नाहीत, आणि संपर्कही थांबत नाही.

निकोटिन मेंदूत काय करते, हे कळायला विज्ञानाला दीड शतकाहून अधिक काळ लागला. हायडेलबर्गमध्ये पोसेल्ट आणि रायमान यांनी १८२८ मध्ये ते तंबाखूतून वेगळे केले. केंब्रिजच्या जॉन लँग्ली यांनी १९०५ मध्ये निकोटिनच्याच प्रयोगांवरून असे मांडले की पेशींवर औषधाला धरून ठेवणारा एक ग्राहक पदार्थ असला पाहिजे. आधुनिक औषधशास्त्रातली रिसेप्टरची कल्पना तिथून निघाली. १९५४ मध्ये कॅनडात ऑल्ड्स आणि मिल्नर यांनी उंदराच्या मेंदूत अशी जागा शोधली, की तिथे विजेचा सौम्य झटका मिळावा म्हणून उंदीर पुन्हा पुन्हा कळ दाबत राहतो. इतके हाती असूनही १९६४ च्या अमेरिकी सर्जन जनरलच्या अहवालाने तंबाखूला व्यसन न म्हणता सवय म्हटले. निकोटिन हे हेरॉइन आणि कोकेनसारखेच व्यसन लावते, असे त्या कार्यालयाने स्पष्ट लिहिले ते १९८८ मध्ये. भारतात १९७५ चा इशाऱ्याचा कायदा फक्त सिगारेटपुरता होता. भंडाऱ्यातल्या विडीच्या बंडलावर इशारा छापण्याची सक्ती यायला २००३ चा कायदा, आणि चित्राचा इशारा यायला २००९ साल उजाडले. अक्षर न येणाऱ्या मजुरापर्यंत पोचेल असा इशारा विडीच्या जन्मानंतर शतकभराने आला.

विडीच्या धुरातले निकोटिन दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोचते. तिथे ॲसिटिलकोलिन या नैसर्गिक रसायनासाठी असलेल्या रिसेप्टरांवर ते बसते. मध्यमेंदूतल्या ज्या पेशी डोपामिन बनवतात त्यांच्यावर हे रिसेप्टर असतात. त्या उद्दीपित झाल्या की पुढे न्यूक्लियस ॲकम्बन्स या भागात डोपामिन सुटते आणि ‘हे पुन्हा करायचे’ असा ठसा उमटतो. अन्न मिळाल्यावर, कौतुक झाल्यावर जो मार्ग जागा होतो, तोच हा मार्ग आहे. लॉस एंजेलिसमधल्या २००६ च्या एका अभ्यासात सिगारेटच्या एकदोन झुरक्यांनीच मुख्य प्रकारचे निम्मे रिसेप्टर व्यापले गेल्याचे दिसले. इतक्या सतत माऱ्याने रिसेप्टर मंदावतात, आणि मेंदू ती उणीव भरून काढायला त्यांची संख्या वाढवतो. १९८८ मध्ये धूम्रपान करणाऱ्या मृत व्यक्तींच्या मेंदूंत ही वाढ प्रत्यक्ष मोजली गेली. रात्रभर तंबाखू न मिळता सकाळ झाली की हे वाढीव रिसेप्टर रिकामे असतात. चिडचिड, अस्वस्थता, कामात मन न लागणे हे सगळे तिथून येते. त्यालाच तलफ म्हणतात. उठल्या उठल्या पहिली विडी लागणारा माणूस त्या वेळी आनंद शोधत नसतो, त्रास थांबवत असतो.

रचनेतले बदलही दिसतात. २००४ मध्ये ब्रॉडी आणि सहकाऱ्यांनी धूम्रपान करणाऱ्यांच्या मेंदूत पुढच्या भागातल्या करड्या द्रव्याची घट नोंदवली. निर्णय घेणे आणि आवेग आवरणे हे या भागाचे काम. २०१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या १९३६ साली जन्मलेल्या पाचशेहून अधिक लोकांच्या तपासणीत धूम्रपान करणाऱ्यांच्या मेंदूची बाह्य साल पातळ आढळली. कोकेन किंवा मेथॲम्फेटामिनसारख्या तीव्र उत्तेजकांत नुकसान आणखी ठळक असते. २००४ च्याच एका अमेरिकी अभ्यासात मेथॲम्फेटामिन घेणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मृतीशी निगडित भाग, सुमारे आठ टक्क्यांनी लहान होता.

इथे एक प्रश्न उरतो. मेंदू आधीच तसा होता म्हणून व्यसन लागले, की व्यसनाने तो तसा झाला? युरोपातल्या किशोरांवरच्या इमेजेन प्रकल्पातून २०२३ मध्ये याचे उत्तर दोन्ही बाजूंनी आले. चौदाव्या वर्षी पुढच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका भागात करडे द्रव्य कमी असलेली मुले धूम्रपानाकडे अधिक वळली, आणि धूम्रपान सुरू केल्यावर उजव्या बाजूचा तसाच भाग घटत गेला. पुढचा मेंदू विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. शाळकरी वयात लागलेली तंबाखू म्हणूनच प्रौढपणी लागलेल्या तंबाखूपेक्षा अधिक घट्ट बसते.

विज्ञान विडीचा हिशेब मांडत असताना भंडाऱ्यात विडीची जागा दुसऱ्या वस्तूने घेतली. १९७० आणि ८० च्या दशकांत पानमसाला आणि गुटख्याच्या पुड्या आल्या, आणि विदर्भातल्या पानठेल्यांवर खर्रा घोटला जाऊ लागला. फोडलेली सुपारी, सुगंधित तंबाखू, चुना आणि कात प्लास्टिकच्या पन्नीत घालून घासायचे, त्याच पन्नीत बांधून द्यायचे. धूर नाही, धुराचा वास नाही, बसमध्ये चालतो, शेतात चालतो, वर्गातही लपतो. छत्तीसगडच्या बाजूने गुळात मुरवलेल्या तंबाखूचा गुडाखू आला, तो मुख्यतः बायका हिरड्यांना घासतात. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मग अन्नसुरक्षा कायद्याचा आधार घेऊन जुलै २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली आणि पुढच्या वर्षी सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा आणि मावा तिच्या कक्षेत आले. गुटख्याचा कारखाना बंद करता येतो, खर्ऱ्याला कारखानाच नसतो. ठेल्यामागे दोन हात आणि एक पन्नी पुरते. या बंदीची सगळ्यात मोठी अडचण हीच राहिली आहे.

आकडे हा बदल स्पष्ट दाखवतात. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २००९-१० मध्ये ३१.४ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, २०१६-१७ मध्ये २६.६ टक्के. या काळात ओढणाऱ्यांचे प्रमाण ६.६ वरून ३.८ टक्क्यांवर आले, पण तोंडात धरणारे २७.६ वरून २४.४ टक्क्यांपर्यंतच उतरले. ओढण्याचे प्रमाण निम्म्याच्या जवळ घसरले तेव्हा खाण्याची तंबाखू जवळपास आपल्या जागी होती. विडीचा धंदा आक्रसला, त्याचा भार वळणाऱ्या बायांवर पडला, आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर त्यांच्या कल्याण निधीला पैसा पुरवणारा उपकरही संपला.

खर्ऱ्यातल्या चुन्याचे काम चवीपुरते नसते. त्याने तोंडातला रस अल्कधर्मी होतो, निकोटिन मोकळे होते आणि गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात शिरते. धुराइतक्या झपाट्याने ते मेंदूत पोचत नाही, पण खर्रा गालात असेपर्यंत पुरवठा चालू राहतो. दिवसभर असे चालले की रिसेप्टरांना उसंत मिळत नाही. सुपारीतले ॲरेकोलिन, जे १८८८ मध्ये वेगळे केले गेले, हेही उत्तेजक आहे, आणि २०१५ मधल्या संशोधनात ते निकोटिनच्याच काही रिसेप्टरांवर अंशतः काम करते असे दिसले. म्हणजे खर्रा खाणारा एकाच कुलपाला दोन किल्ल्या लावतो. सुपारी स्वतंत्रपणे कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले. सुपारीने तोंडाच्या आतले अस्तर कडक होऊन जबडा उघडेनासा होतो. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या आजाराचे वर्णन करून त्याला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिले. विदर्भातल्या दंत रुग्णालयांत आज हा आजार विशीतल्या तरुणांत दिसतो.

भंडाऱ्यातल्या लाखांदूर तालुक्याला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा दारू आणि तंबाखू नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी तो मिळून चालवला. ठेल्यावर छापा घालून न थांबता गावाने विक्री बंद करणे, शाळा आणि कार्यालये तंबाखूमुक्त करणे आणि व्यसनींवर उपचार करणे, असे हे काम आहे. भंडाऱ्यातला खर्रा आणि गडचिरोलीतला खर्रा वेगळा नाही, म्हणून हा प्रयोग जिल्ह्याच्या जवळचा आहे. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमांतर्गत समुपदेशनाची सोय असते, २०१६ पासून राष्ट्रीय दूरध्वनी सल्लासेवाही आहे. निकोटिनचा च्युइंगगम तलफ सांभाळायला मदत करतो, कारण तो त्याच रिसेप्टरांना कमी मात्रेत, संथपणे भागवतो.

सोडल्यावर मेंदू सावरतो. २००९ च्या एका अमेरिकी अभ्यासात सहा ते बारा आठवडे धूम्रपान बंद ठेवल्यानंतर रिसेप्टरांची संख्या न ओढणाऱ्यांच्या पातळीवर आली. पहिले तीन महिने सर्वांत अवघड का असतात, याचे कारण यात सापडते. मेंदूची साल भरून यायला मात्र वेळ लागतो. स्कॉटलंडच्या अभ्यासाच्या अंदाजानुसार खूप ओढणाऱ्यांना पूर्ववत होण्यास सुमारे पंचवीस वर्षे लागू शकतात. यातले बहुतेक अभ्यास सिगारेट ओढणाऱ्यांवरचे आहेत आणि विडी ओढणाऱ्यालाही ते बऱ्याच अंशी लागू पडतात. खर्रा सोडणाऱ्याची गोष्ट एका बाबतीत वेगळी राहते. त्याच्या मेंदूतले रिसेप्टर काही महिन्यांत पूर्वपदावर येतात, पण तोंडातले एकदा कडक झालेले अस्तर मूळचे मऊ होत नाही. औषधे, व्यायाम आणि शस्त्रक्रियेने जबडा थोडा अधिक उघडतो, आणि कर्करोगाची शक्यता लक्षात घेऊन त्याला नियमित तपासणी करत राहावी लागते.